आत्याबाई, ढग आणि लवंगी

१२ ऑक्टोबर, रविवार

ही पडली त्याला आज आठवडा झाला. कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, आणि उजवा पाय गुडघ्याखाली. शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर म्हणाले, हाडं जुळतील, पण दोन महिने पाय टेकायचा नाही आणि घोड्याचं तर नावही काढायचं नाही. त्यावर ही हसली. मला हसू आलं नाही. आपण नाव काढलं नाही तरी घोडे तिथेच उभे असतात आणि त्यांना भूक लागते, हे डॉक्टरांना कोण सांगणार.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. रोज संध्याकाळी कामाची नोंद लिहावी लागते: कुठली इमारत, काय बिघाड, काय केलं, काय राहिलं. तसंच आता घरचंही लिहून ठेवणार आहे, नाहीतर या तीन जनावरांच्या पायी माझं डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

तिन्ही हिचे. आत्याबाई ही म्हातारी तांबडी घोडी, सगळ्यात आधी आली. कुणी काहीही केलं तरी तिला पसंत पडत नाही, म्हणून ते नाव. ढग करडा, उंच, हिचा बसायचा घोडा; गेल्या रविवारी ही पडली ती त्याच्यावरूनच. आणि लवंगी हे तट्टू. ढगाला घेऊन ही फिरायला गेली की मागे आत्याबाई एकटी ओरडून जीव काढायची, म्हणून तिच्या सोबतीला आणलेलं. उंची माझ्या कमरेएवढी, आणि चावते.

शहराबाहेर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या शेताचा कोपरा आम्ही भाड्याने घेतलाय, तिथे तबेला. आजवर ही पहाटे जाऊन सगळं उरकायची आणि मग औषधांच्या दुकानात कामाला जायची. मी दारांना बिजागऱ्या लावल्या, पाण्याचा पंप बसवला, आणि कुंपणाच्या अलीकडे राहिलो. तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझे सुटे भाग चालवून घेतले, मी तिचे घोडे चालवून घेतले. संसार असाच झाला.

हा आठवडा शेतमालकिणीने कसाबसा निभावला. बाई सत्तरीच्या पुढची. उद्यापासून मी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लवंगी चावली. बाकीचं लिहायचं त्राण नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आता थोडी लय सापडतेय. अंधारात उठायचं, गवत टाकायचं, पाणी भरायचं, लीद उचलायची, तिघांना मोकळ्यात सोडायचं, घरी येऊन अंघोळ, मग काम. संध्याकाळी हेच उलट्या क्रमाने, आणि मध्ये इस्पितळात हिला भेटायला. लीद किती असते याचा मला अंदाज नव्हता. एवढ्या जनावराच्या पोटात एवढंसं गवत जातं आणि बाहेर मात्र गाडाभर येतं, हे कुठल्या नियमाने होतं कळत नाही.

ही अंथरुणावरून फोनवर हुकूम सोडते. "आत्याबाईचं गवत भिजवून दे, तिचे दात झिजलेत." "लवंगीला जास्त देऊ नकोस, ती नुसती वाऱ्यावर फुगते." मी हो हो करत जातो. गंमत म्हणजे ढगाबद्दल काहीच सांगत नाही. मीच विचारलं, तर म्हणाली, "त्याचं काय, तो सरळ आहे."

सासूबाई राहायला आल्यात, ही घरी आली की तिच्याजवळ कुणीतरी हवं म्हणून. आल्या आल्या दारातच थांबल्या आणि नाकाला पदर लावला. "जावईबापू, हा वास तुमचा आहे का?"

मी म्हटलं, "घोड्यांचा आहे, आई. मी फक्त वाहून आणलाय."

तेव्हापासून माझे बूट जिन्यात असतात.

२ नोव्हेंबर, रविवार

नालबंद येऊन गेला. दर दीड महिन्याला येतो, तिघांचे खूर कापतो, ढगाला नाल ठोकतो. ही असताना मी त्याला फक्त पैसे देताना बघितलेला. आज लगाम धरून उभं राहायची पाळी माझ्यावर आली.

आत्याबाईने तक्रार केली पण पाय दिला. लवंगीने नालबंदाचा खिसा फाडला. ढग मात्र चारही पाय एकेक करून स्वतःच उचलून देत होता. नालबंद कमरेत वाकलेलाच म्हणाला, "हा पाडणाऱ्यातला घोडा नाही हो. ताई पडल्या कशा?"

मी म्हटलं, "खोगिराचा पट्टा सैल सुटला. तीच म्हणाली."

तो परत खूर कापायला लागला. तो गेल्यावर मी खुंटीवरचं खोगीर उतरवून पट्टा तपासला. दोरखंड, पट्टे, बकल, हे माझं रोजचं काम. माणसांचे जीव त्यावर टांगलेले असतात. कातडं कुठे ताणलेलं नाही, शिवण शाबूत, बकलाचा दात घट्ट बसतो. सगळं नव्यासारखं. पट्टा सुटलाच कसा, काही उलगडत नाही. कदाचित घाईत नीट आवळला नसेल. पण ही तर दाराची कडी लावल्यावर दोनदा ओढून बघणारी बाई.

खर्चाचं म्हणाल तर, हिचा पगार सध्या अर्धाच येतो, आणि गवत यंदा महाग आहे. म्हणून मी ऑफिसात सांगून शनिवारच्या तातडीच्या ड्यूट्या मागून घेतल्यात. माझा जोडीदार, ज्याला सगळे पाना म्हणतात, तो म्हणाला, "अरे, घोडे विकून एक चांगला सोफा घे. सोफा खात नाही." पानाची निवृत्ती जवळ आलीय, त्यामुळे त्याला सगळ्यावर सोफाच सुचतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा उशीर. बाई, म्हणजे आमच्या साहेब, घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या केसात गवत आहे." तेवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी एका इमारतीच्या मोटर-रूममध्ये उभ्या उभ्या डुलकी लागली. पानाने खांद्याला धरून बाहेर नेलं आणि माझ्या अंगावरचा सुरक्षेचा पट्टा काढून स्वतः बांधला. उरलेला दिवस मला शाफ्टमध्ये उतरू दिलं नाही.

असं चालणार नाही. हिला हे सांगितलेलं नाही. आधीच ती पडल्या पडल्या माझ्याकडे चोरट्यासारखी बघते, जणू तिनेच मला कुठल्या खड्ड्यात ढकललंय. मी तिला रोज सांगतो, घोडे मजेत आहेत, तू फक्त बरी हो, ढग तुझी वाट बघतोय. त्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपते. औषधांनी ग्लानी येत असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेला रविवार आणि पुढच्या रात्री खपून एक यंत्र केलं. कल्पना साधी आहे. जुन्या लिफ्टच्या दरवाजाची मोटर भंगारात पडली होती, ती आणली. तिला वेळेवर चालणारा खटका जोडला. गवताच्या जाळ्या आदल्या संध्याकाळी वर अडकवायच्या. पहाटे खटका पडला की झडप उघडते आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक जाळी खाली येते. बाजूला चंदीची एक पेटी, तिच्यातून आत्याबाईसाठी मापाने दाणा पडतो. म्हातारीला नुसत्या गवतावर भागत नाही. पेटीत आठवड्याचा दाणा एकदाच भरून ठेवला की झालं.

पहिल्या दिवशी झडप पडल्याच्या आवाजाने तिघंही कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. आज चौथ्या दिवशी वेळेच्या आधीच खाली येऊन वर बघत उभे होते, लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसांसारखे.

माझा सकाळचा बराच वेळ वाचला. ऑफिसात वेळेवर पोचतो.

वाचलेल्या वेळात आज ढगाला खरारा केला. तसा काल केला होता, पण मानेखाली नीट झाला नव्हता.

१४ डिसेंबर, रविवार

ही घरी येऊन बरेच दिवस झाले. आता कुबड्या घेऊन खोल्यांतून हिंडते, परवा जिनाही उतरली. मला वाटलं, आता हिला तबेल्यात न्यावं, जिवात जीव येईल. तिला न सांगता घोडे चकाचक केले, लवंगीचे सुद्धा शेपटीतले गुंते काढले (दोन ठिकाणी चावली). मग घरी जाऊन म्हटलं, चल, चक्कर मारून येऊ.

गाडी कुंपणापाशी लावली. तिच्या बाजूचं दार उघडून कुबड्या पुढे केल्या. ती म्हणाली, "थंडी आहे रे. मी इथूनच बघते."

आत्याबाई आणि लवंगी कुंपणापर्यंत आल्या. हिने काच खाली करून आत्याबाईचं नाक कुरवाळलं, तिच्याशी बोलली. मग मागून ढग आला. लांबून ओळखलं की तो हलकेच घशातल्या घशात बोलतो, तसा बोलला. हिने काच वर केली.

"वारा लागतोय," म्हणाली.

वाऱ्याचं तसं काही नव्हतं. पण एवढं मोठं दुखणं काढलेल्या माणसाला थंडी जास्त वाजत असणार. मी तिला शाल दिली, आणि आत जाऊन ढगाची समजूत काढली. त्याला बरं वाटलं नसावं. त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. त्याला सवय आहे, मी तसा उभा राहिलो की तो हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवतो आणि सगळं वजन हळूहळू सोडून देतो. खांदा दुखतो, पण हलवत नाही.

परत येताना ही एकदम म्हणाली, "तू बारीक झालास."

मी म्हटलं, "चांगलंच आहे की. केबिनच्या छतावरच्या झडपेतून सहज निघतो."

ती हसली नाही.

७ जानेवारी, बुधवार

आज काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही नीट कळेल.

सकाळी एका उंच इमारतीतून फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाई, तिच्या कडेवर तान्हं मूल. मी आणि पाना गेलो. ब्रेक जाम झाला होता. मी केबिनच्या छतावर उतरून आतल्या माणसांशी बोलत होतो. मूल रडत होतं आणि म्हाताऱ्या गृहस्थांना दम लागत होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला, थांबेचना. शेतमालकीण होती.

"तुमची म्हातारी घोडी जमिनीवर लोळतेय," ती म्हणाली. "उठते, पोटाकडे वळून बघते, परत पडते. घाम फुटलाय. आणि तुमच्या त्या पेटीतला सगळा दाणा खाली आलाय."

लवंगीने पेटीचा खटका शोधून काढला होता. नाकाने वर ढकलला की पेटी उघडते, हे त्या सैतानाला कधी कळलं देव जाणे. आठवड्याचा दाणा पडला, आणि तिथे राज्य आत्याबाईचं. बाकीच्या दोघांना हाकलून तिने एकटीने चेपला.

घोड्याला ओकता येत नाही. पोटशुळाने तासाभरात जाऊ शकतो. हे हिनेच मला कधीतरी सांगितलं होतं. माझ्या पायाखाली तीन माणसं अडकलेली, एक दम लागलेलं. पाना वरून खाली वाकून माझ्याकडे बघत होता. मी हलू शकत नव्हतो. डॉक्टरला, म्हणजे जनावरांच्या, फोन केला. ते निघतो म्हणाले, पण लांब होते. मग हिला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. आणि म्हटलं, "पेटी मी केली. चूक माझीच आहे."

पलीकडे कुबड्या ओढल्याचा आवाज आला. 

मग ती म्हणाली, "त्या माणसांना बाहेर काढ. मी जाते."

"तू कशी जाणार?"

"टॅक्सीने. आई आहे बरोबर."

मूल आधी बाहेर आलं, मग बाई, मग म्हातारे गृहस्थ. त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडेचनात. पाना म्हणाला, "तू जा. नोंद मी लिहितो."

तबेल्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांचं काम उरकत आलं होतं. नळी नाकातून पोटात घालून तेल सोडलं होतं, इंजेक्शन दिलं होतं. दाराशी पालथ्या बादलीवर ही बसलेली, कुबड्या चिखलात पडलेल्या, आणि सासूबाई, पदर कमरेला खोचून, आत्याबाईला दोरीला धरून अंगणात फेऱ्या मारत होत्या. पायात माझे जिन्यातले बूट.

"थांबली की लोळायला बघते," सासूबाई म्हणाल्या. "मी काही थांबू देत नाही. चल गं बाई, चल. वय झालं म्हणून काय झालं."

आत्याबाई त्यांच्या मागून निमूट चालत होती. तिचं कुणापुढे चालत नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

संध्याकाळी तिने लीद टाकली. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. लीद बघून आमच्या तिघांचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी तर हात जोडले.

८ जानेवारी, गुरुवार

रजा घेतली. बाईंनी काही न विचारता दिली. काल पानाने काहीतरी सांगितलं असणार.

यंत्र काढून टाकलं. सगळं उतरवून गाडीत भरलं. ही आज स्वतःहून माझ्याबरोबर आली आणि त्याच बादलीवर बसली. आत्याबाई मलूल होती पण पाणी प्यायली. ढग पलीकडच्या खणात उभा राहून आमच्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "काल तू आलीस म्हणून वाचली."

ती म्हणाली, "पट्टा ठीक होता."

मला कळेना कशाचं बोलतेय.

"त्या दिवशी. झुडपातून एक पक्षी उडाला, ढग नुसता बाजूला सरकला. असं हजारदा झालंय. पण मी घाबरले आणि लगाम ओढला, त्याचा तोल गेला आणि माझा पण. तो माझ्यावर पडू नये म्हणून अक्षरशः गुडघ्यावर गेला, मी बघितलं. त्याची काही चूक नाही. म्हणून पट्ट्याचं सांगितलं." मग म्हणाली, "काल टॅक्सीतून उतरले आणि आत यायला पाय उचलेना. आत्याबाई लोळत होती तरी. आई हाताला धरून घेऊन आली. ढगाच्या खणासमोरून येताना डोळे मिटून आले मी. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात बसशील. मला बसायचं नाही. बघवत नाही मला त्याच्याकडे, आणि तू रोज सांगतोस की तो माझी वाट बघतोय."

 तिच्यासाठी म्हणून तीन महिने मी त्याला जपला, आणि तिला ते ऐकून रोज काटे टोचत होते.

"विकून टाक त्याला," ती म्हणाली. "चांगल्या माणसाला. आत्याबाई आणि लवंगी दोघी एकमेकींना पुरतात. दोन झाले तर शेतमालकीण सकाळचं गवत टाकेल, मी विचारलंय. तुला शनिवारी घरी राहता येईल. हे आधीच करायला हवं होतं. तू एवढा राबतोस माझ्यासाठी, मग तोंड उघडायची लाज वाटायची."

तिचं सगळं बरोबर आहे. वेळ, पैसा, माझी झोप, तिची झोप, कुठूनही बघितलं तरी हेच शहाणपणाचं. मी म्हटलं, "हो. विकू."

संध्याकाळी तबेल्यात दिवा लावताना हात आपटला, बोट सुजलंय. म्हणून आज एवढंच.

२५ जानेवारी, रविवार

एक दंतवैद्य बाई घोडा बघायला आल्या. चाळिशीच्या, शांत, हात उबदार. दुसऱ्या गावी राहतात, घराला लागूनच कुरण आहे, दोन घोडे आधीपासून आहेत. ढगाच्या जवळ गेल्या त्या थेट डोक्याशी न जाता खांद्याशी. तिथेच मला कळलं, माणूस चांगला आहे.

मी त्यांना सगळं सांगितलं. उन्हाळ्यात माश्या बसल्या की डोकं झटकतो. डाव्या मागच्या पायाला जुनी सूज आहे, थंडीत आखडतो. छत्रीला भितो. एकटा ठेवला तर चालत नाही. पावसात चिखलात लोळतो. गवत निवडून खातो, वाया घालवतो. पाणी उडवतो.

ही कुबडीवर रेलून ऐकत होती. बाई घोड्यावर बसून एक फेरी मारायला गेल्या तेव्हा हळूच म्हणाली, "तू विकायला उभा आहेस की अडवायला?"

मी म्हटलं, "घेणाऱ्याला खरं सांगावं लागतं."

"त्याच्या पायाला सूज कुठे आहे?"

"थोडी आहे. हात लावून बघितलं तर कळते."

ती माझ्याकडे बघत राहिली.

बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच समजलं. ढग त्यांच्याखाली असा चालत होता जसा मी त्याला कधी बघितला नव्हता. बघणार कुठून, मी कधी बसलो नाही, आणि ही असताना मी कुंपणाच्या अलीकडे. चांगला दिसत होता.

सौदा झाला. पुढच्या रविवारी नेणार.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दंतवैद्य बाई घोड्यांची गाडी घेऊन आल्या, बरोबर ती चालवणारा माणूस. ढग फळीपाशी येऊन थांबला. फळी म्हणजे गाडीच्या मागचा उतार, पाय ठेवला की पोकळ वाजतो. त्याने एक पाय ठेवला, आवाज ऐकला, मागे घेतला. मग हललाच नाही.

आम्ही सगळं करून बघितलं. गवत दाखवलं, लवंगीला पुढे चालवलं (ती चढली, आतलं गवत खाल्लं आणि उतरायला तयार नाही, ते एक वेगळंच झालं). गाडीवाला मागून दोरी टाकून ओढू म्हणाला, मी त्याला तसं करू दिलं नाही. मी स्वतः दोरी धरून वर चढलो, तर ढग तिथूनच मान लांब करून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला ओढवेना.  दुपार व्हायला आली.

तेव्हा ही खुर्चीवरून उठली. आता कुबड्या गेल्यात, काठी आहे. काठी टेकत आली आणि माझ्यापुढे हात केला. "दे."

मी म्हटलं, "अगं, नको."

"दे रे."

मी दोरी दिली. तिचा चेहरा पांढराफटक होता. ओठ घट्ट मिटलेले. ढगाने तिचे केस हुंगले, मग खांदा, मग काठी. ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून, मग उघडून. त्याच्या कपाळावर हात ठेवला. काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. मग त्याच्याकडे पाठ केली, काठी फळीवर ठेवली आणि चढायला लागली. मागे वळून बघितलं नाही, दोरी ताणली नाही. दुखऱ्या पायाने एकेक पाऊल.

तो तिच्या मागोमाग चढला. फळी वाजली, तरी चढला.

आतून तिने मला हाक मारली. मी गेलो. ती गाडीच्या भिंतीला टेकून उभी होती, घामाने भिजलेली, आणि ढग तिच्या शेजारी गवत खात होता. म्हणाली, "तुला ठेवायचा होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना. तीन म्हणजे फार होतात."

तिने मान हलवली. मी तिला हात देऊन खाली उतरवलं. गाडी रस्त्याला लागली तेव्हा आत्याबाई कुंपणाच्या कडेने शेवटपर्यंत धावत गेली, या वयात. लवंगी मात्र तिच्या बादलीत तोंड घालून होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आता सकाळी झोपायला मिळतं. जाग येते ती जुन्याच वेळेला, मग पडून राहतो. शनिवारची ड्यूटी सोडली. सासूबाई त्यांच्या घरी गेल्या. जाताना तबेल्यात जाऊन आत्याबाईचा निरोप घेऊन आल्या. बूट धुऊन ठेवले.

आज संध्याकाळी दंतवैद्य बाईंचा हिच्या फोनवर फोन आला. त्या काळजीत होत्या. ढग खातो, फिरतो, बाकीच्या घोड्यांशी जमलंय, पण पाणी फार कमी पितो. बादलीपाशी येतो, ओठ लावतो, मागे सरतो. जनावरांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. "तुमच्याकडे असं करायचा का?" त्यांनी विचारलं.

ही म्हणाली, "नाही हो, माझ्या तर कधी..." आणि थांबली. माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "यांना विचारा."

मी विचारलं, बादली कुठे ठेवलीय. त्या म्हणाल्या, कोपऱ्यात, भिंतीला कड्यात अडकवलीय.

मी म्हटलं, "कोपऱ्यात ठेवू नका. मान खाली घातली की त्याला मागचं दिसत नाही, त्याला ते खपत नाही. दारापाशी ठेवा, म्हणजे पिता पिता बाहेर बघता येईल. आणि काठोकाठ भरू नका, नाकात पाणी गेलं की दिवसभर रुसतो. पहिले दोन घोट तो नुसता खेळतो, तेव्हा त्याच्याशी बोलू नका. तिसऱ्या घोटाला पितो. कान मागे पुढे, मागे पुढे करत पितो, घोटागणिक. ते थांबले की झालं समजा."

बाई काही वेळाने परत फोन करून म्हणाल्या, प्यायला. अर्धी बादली. कान तुम्ही म्हणालात तसेच.

मी फोन ठेवला. ही टेबलापलीकडे बसून माझ्याकडे बघत होती.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी त्याला पाणी पाजलं. कान बघितलेच नाहीत."

मी म्हटलं, "तू घाईत असायचीस. तुला दुकान उघडायचं असायचं."

"आणि तुला नव्हती घाई?"

मी ओट्यावरचे सुटे भाग गोळा करायला लागलो. तिने उठून माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

"खोटं बोललास गाडीत," म्हणाली.

  तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि आम्ही तसेच उभे राहिलो. दूध उतू गेलं तरी कुणी हललं नाही.

मग तिने डोळे पुसले, तिचे आणि माझे पण, आणि म्हणाली, "रविवारी भेटून येऊ त्याला."

"फार लांब आहे," मी म्हटलं. "पहाटे निघावं लागेल."

"निघू," ती म्हणाली. "जागाच असतोस ना."